आठ आणे रोज आणि उशिरा येण्याची मुभा

मूल लहान असताना बाईने कोणते काम धरावे? बढतीची वाट असलेले, पण घड्याळाला बांधलेले. की वेळेची सवलत देणारे, पण आहे तिथेच थांबवणारे? हा प्रश्न संगणकासमोर बसून काम करणाऱ्या पिढीने प्रथम विचारला, असा एक समज आहे. आजचा धागा त्या समजाविषयी आहे, आणि योगायोगाने सुताच्या धाग्याविषयीही. कारण मुंबईच्या कापडगिरण्यांत हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी रोज पहाटे भोंग्याबरोबर उभा राहत असे. तेथे ‘करिअर’ हा शब्द नव्हता. साचा, खाते, पाळी, खाडा हे शब्द होते.

१८५४ मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवला मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची उभारणी सुरू केली. पुढच्या अर्धशतकात परळ, लालबाग, भायखळा, वरळी या पट्ट्यात जे गिरणगाव वसले, त्याचे चित्र आपल्या मनात बहुधा पुरुषाचे असते: कोकणातून किंवा घाटावरून आलेला, चाळीतल्या गाळ्यात आठ-दहा जणांबरोबर राहणारा, बायको-मुले गावी ठेवलेला. हे चित्र खोटे नाही, अपुरे आहे. १९२०च्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगारांत स्त्रियांचा वाटा साधारणपणे पाचव्या हिश्श्याइतका होता. त्यांत विधवा व टाकलेल्या बायकांचे प्रमाण लक्षणीय होते. ज्यांच्या घरी दुसरा कमावता नव्हता, त्यांना ‘नोकरी करावी की न करावी’ हा पर्यायच नव्हता. पर्याय असलाच तर ‘कोणत्या खात्यात’ एवढाच.

आणि खाती जवळजवळ ठरलेली होती. स्त्रिया मुख्यतः दोन ठिकाणी दिसत: वाइंडिंग आणि रीलिंग. वाइंडिंगमध्ये कातलेले सूत पुढच्या कामासाठी बॉबिनवर गुंडाळायचे. रीलिंगमध्ये त्याच्या लडी करायच्या, म्हणजे सूत गठ्ठ्यांनी बाजारात पाठवता येई. विणकाम, जेथे मजुरी सर्वांत चांगली, ते पुरुषांचे. साच्यांची देखरेख, दुरुस्ती, जॉबरचे पद हेही पुरुषांचे. स्त्रीला वर चढायची एकच पायरी होती, ती नायकिणीची. आणि नायकिणीचे राज्य बायकांच्या खात्याच्या उंबरठ्यापाशी संपत असे.

असे का झाले याचे उत्तर देताना ‘बायकांची बोटे नाजूक’ वगैरे कारणे त्या काळीही दिली जात. मला ती पटत नाहीत. खरे कारण कामाच्या रचनेत आहे. कताईचा साचा किंवा माग एकदा चालू झाला की तो इंजिनाच्या गतीने चालतो. त्याच्यासमोर माणूस नसेल तर उत्पादन थांबते. रीलिंगची गोष्ट वेगळी होती. एका बाईच्या लडी कमी झाल्या तर शेजारणीचे काम अडत नसे. मजुरी नगावर होती: जितके काम तितके पैसे. म्हणून बाई सकाळी स्वयंपाक आटोपून, पाणी भरून, मुलाला कोणाकडे तरी सोपवून थोडी उशिरा आली, किंवा संध्याकाळी लवकर निघाली, तरी मालकाचे फारसे बिघडत नसे. तिचे बिघडे. तेवढे पैसे कमी होत.

आजच्या भाषेत हे ‘लवचिक वेळेचे’ काम होय. ही मुभा उपकार म्हणून मिळालेली नव्हती, आणि निव्वळ शोषण म्हणून तिची संभावना करणेही बरोबर नाही. लहान मूल असलेल्या बाईला ती खरोखर हवी होती. पण तिची किंमत तीन ठिकाणी चुकवावी लागे: कमी मजुरी, बंद पायऱ्या आणि तिसरी म्हणजे सहज काढून टाकले जाण्याची शक्यता. ज्याच्याशिवाय यंत्र अडत नाही, त्याला काढताना कोणी अडत नाही. ही तिसरी किंमत ताबडतोब दिसत नाही. ती दिसायला वीसेक वर्षे जावी लागली.

त्याआधी वेळेविषयी. १८८१चा पहिला कारखाना कायदा केवळ मुलांच्या कामाचे तास मर्यादित करणारा होता. प्रौढ स्त्रियांबद्दल त्यात काही नव्हते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून आठवड्याच्या सुट्टीची मागणी लावून धरली. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली आणि तीत दोन स्त्री कामगारांनी भाषणे केली, अशी नोंद आहे. त्याच वर्षी १० जूनला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. (गिरणीतली सुट्टी. घरातल्या कपड्यांच्या ढिगाला, दळणाला आणि नळावरच्या रांगेला ती लागू नव्हती.) १८९१च्या कायद्याने स्त्रियांचा कामाचा दिवस ११ तासांवर आणला, मध्ये दीड तासाची विश्रांती सांगितली आणि रात्रीच्या कामावर निर्बंध घातले. अकरा तास ही सवलत होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्याआधीचा दिवस कसा असेल याची कल्पना येते.

आता मूल कोठे होते?

१९२२ मध्ये डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. मुंबई सरकारने गिरणी कामगार स्त्रियांच्या, विशेषतः त्यांच्या बाळंतपणाच्या परिस्थितीची पाहणी करण्यासाठी त्यांची नेमणूक केली होती. त्यांनी चाळींत जाऊन जे पाहिले त्यातील सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे अफू. तान्ह्या मुलांना अफूची गोळी देण्याची रीत इतकी सार्वत्रिक होती की ती न देणारे घर अपवाद ठरावे. लोक तिला बाळागोळी म्हणत. नाव किती मायेचे! गोळी दिली की मूल झोपे. आई कामावरून परतेपर्यंत झोपे. चाळीतली एखादी म्हातारी किंवा सात-आठ वर्षांची मोठी बहीण चार-पाच मुलांकडे एकाच वेळी ‘पाहू’ शके, कारण पाहण्यासारखे फार काही घडतच नसे. झोपलेले मूल दूध मागत नाही. दूध न मागणारे मूल वाढत नाही.

या प्रथेचा उल्लेख करताना त्या काळचे सुधारक आणि सरकारी डॉक्टर बहुधा एकच शब्द वापरतात: अज्ञान. अभिलेखागारात बसून असे अहवाल वाचताना माझे मन या शब्दापाशी अडखळते. बाळागोळी हे अज्ञान होते, हे मान्य. पण ते पाळणाघरही होते. त्या पगारात, त्या खोलीत, त्या अकरा तासांत उपलब्ध असलेले एकमेव पाळणाघर. गोळी बंद करा, असे सांगणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ‘मग मूल कोणाजवळ ठेवायचे’ या प्रश्नाचे उत्तर दिले. मोजक्या गिरण्यांनी स्वतःहून पाळणाघरे सुरू केली आणि प्रसूतीसाठी काही रक्कम देऊ केली. बाकीच्यांनी हा विषय आपला मानला नाही.

अर्भकमृत्यूंविषयी येथे एक सावधगिरीची सूचना. १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक अर्भकमृत्यू नोंदले गेले, हा आकडा सर्वत्र उद्धृत होतो. तो खोटा नाही, परंतु फसवा आहे. अनेक स्त्रिया बाळंतपणासाठी गावी, रत्नागिरी किंवा साताऱ्याकडे जात. जन्माची नोंद झालीच तर तिकडे होई. मूल घेऊन त्या मुंबईला परतत आणि मृत्यूची नोंद येथे होई. त्यामुळे प्रमाण फुगते. फुगवटा वजा केला तरी उरते ते भयानकच आहे. आणि या आकड्याच्या फटीतूनच दुसरी एक गोष्ट दिसते: गावी गेलेल्या बाईची जागा. ती परत येईपर्यंत तिच्या रिळावर दुसरी बाई बसलेली असे. जागा परत मिळवायची तर नायकिणीची मर्जी हवी, आणि ती मर्जी पुष्कळदा पैशाने मिळे. बाळंतपणाची रजा ही संकल्पना नसताना प्रत्येक मूल म्हणजे नव्याने उमेदवारी.

१९१९ च्या वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने प्रसूतिसंरक्षणाचा करार संमत केला होता. हिंदुस्थान सरकारने तो स्वीकारला नाही. १९२४ मध्ये ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात यासंबंधीचे विधेयक मांडले. ते फेटाळले गेले. मग हा विषय मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात आला, आणि २८ जुलै १९२८ रोजी त्यावर डॉ. भीमराव आंबेडकर बोलले. बाहेर गिरणगावात तेव्हा सहा महिन्यांचा सार्वत्रिक संप चालू होता.

हे भाषण ‘बाबासाहेबांनी प्रसूती रजेला पाठिंबा दिला’ एवढ्याच एका वाक्यात सांगण्याची आता प्रथा पडली आहे. त्यातील युक्तिवाद त्याहून पुष्कळ सूक्ष्म आहे. प्रसूतीच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, येथून ते आरंभ करतात. मग स्वतःच कबूल करतात की असे असेल तर या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलायला हवा, कारण लोककल्याण हे मूलतः सरकारचे कर्तव्य आहे. इतर देशांतही सरकार काही वाटा देतेच. पण म्हणून मालक सुटत नाही. मालक काही उद्योगांत बायकांना कामावर ठेवतो ते धर्मादाय म्हणून नव्हे. पुरुषापेक्षा बाईकडून त्याला अधिक लाभ मिळतो म्हणून. जो विशेष लाभ घेतो, त्याने काही अंशी तरी हा खर्चही सोसावा.

म्हणजे त्यांच्या मांडणीत खर्चाला दोन धनी होते, आणि पहिला धनी सरकार होता.

१९२९ मध्ये मुंबईचा प्रसूतिलाभ कायदा झाला. या प्रकारचा हा हिंदुस्थानातील पहिला कायदा. रोजचे आठ आणे, काही आठवड्यांसाठी, ठरावीक काळ सलग नोकरी झालेली असल्यास. परंतु कायद्याच्या अंतिम रूपात पैसे द्यायचे होते एकट्या मालकाने. सरकारचा वाटा त्यात नव्हता.

हा तपशील हिशेबाचा वाटतो. पण एका गिरणीमालकाच्या जागी क्षणभर उभे राहून पाहा. विणाईखात्यातील पुरुषालाही मुले होतात. त्यांचा खर्च त्याच्या मालकाच्या वहीत कोठेच दिसत नाही. रीलिंगमधल्या बाईचे मूल मात्र आता वहीत दिसू लागले. कायद्याने मूल वाढवण्याच्या खर्चाचा एक छोटासा अंश घराबाहेर आणला खरा, पण तो नेमका त्याच्या खात्यावर टाकला जो बाईला काम देत होता. बाईला काम न देणाऱ्याला काहीच भरायचे नव्हते. १९४४ ते १९४६ या काळात रेगे समितीने देशभरातील कामगारांच्या स्थितीची चौकशी केली, तेव्हा गर्भारपणाची चिन्हे दिसताच कामावरून कमी करणे, विवाहित स्त्रियांना घेणेच टाळणे, अशा पळवाटा तिच्या नजरेस आल्या. कायदा मोडण्याची गरजच नव्हती. तो लागू होणार नाही एवढी व्यवस्था केली की पुरे.

याचा अर्थ कायद्यामुळे स्त्रियांच्या नोकऱ्या गेल्या, असे मी म्हणत आहे का? नाही. मालकांचे हे आवडते कारण होते, आणि म्हणूनच त्याकडे संशयाने पाहायला हवे. आठ आण्यांचा एकूण खर्च गिरणीच्या व्यवहारात नगण्य होता. स्त्रिया कमी होण्याची खरी कारणे अधिक खोल होती. मुंबईच्या सुताची चिनी बाजारपेठ विसाव्या शतकाच्या आरंभापासून हातची जात होती. गिरण्या सूत विकण्याऐवजी स्वतःच कापड विणू लागल्या, आणि लडी करण्याचे कामच कमी झाले. दोन महायुद्धांच्या दरम्यान वेगवान वाइंडिंग यंत्रे आली. पूर्वी अनेक जणी करत तेवढे काम थोड्या जणी करू लागल्या. शिवाय गिरण्या दुसरी, मग तिसरी पाळी चालवू लागल्या. रात्रपाळीला बाई चालत नव्हती, कारण कायदा आडवा येत होता. मग तिन्ही पाळ्यांना फिरवता येईल असा पुरुषच सर्व ठिकाणी सोयीचा ठरला. वाइंडिंगमध्येही.

येथे ती तिसरी किंमत वसूल झाली. जी मुभा बाईला सोयीची म्हणून एका विशिष्ट खात्यात सापडली, त्या खात्याबरोबर ती बुडाली. विणाईत, कताईत, जॉबरच्या जागेवर ती पोहोचलेलीच नव्हती. तेथे जाऊन उभे राहायला तिला जमीन नव्हती. राधा कुमार यांनी दोन युद्धांच्या मधल्या काळातील मुंबईच्या गिरणी कामगार स्त्रियांवर जे लेखन केले आहे, त्यातून कुटुंब आणि कारखाना यांची ही सांगड स्पष्ट दिसते. पुरुषाच्या पगारात कुटुंब पोसले जावे, ही मागणी संघटनांनी न्याय्य म्हणून मांडली, आणि तिच्यात न्याय होताही. पण तिच्याच पोटात असे एक गृहीत होते की बाईचा पगार हा वरकड आहे. वरकड गोष्ट गेली तर तिच्यासाठी संप करणे कठीण जाते. स्त्रिया स्वतः मात्र लढत होत्या. उषाताई डांगे आणि पार्वतीबाई भोर यांच्या आत्मकथा, ‘पण ऐकतं कोण’ आणि ‘एका रणरागिणीची हकीकत’, ज्यांना मिळतील त्यांनी जरूर वाचाव्यात. पहिल्या पुस्तकाचे शीर्षक या विषयावरील प्रबंधाला शोभेल असे आहे.

स्वातंत्र्यानंतर कायदे सुधारले. १९४८च्या कारखाना कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर सक्तीचे केले. हा आकडा वाचला की मालकाने काय करावे याचा अंदाज कोणालाही येईल: नेमक्या पन्नास. (पुढे ही मर्यादा तीसवर आणली गेली.) त्याच वर्षी आलेला कर्मचारी राज्य विमा कायदा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. त्यात प्रसूतिलाभ एका सामाईक निधीतून द्यायचा होता. मालकाची वर्गणी पुरुष आणि स्त्री दोघांच्याही पगारावर बसत होती. म्हणजे बाईला कामावर घेण्याचा दंड उरत नव्हता. १९२८ च्या भाषणातील विचाराच्या हा बराच जवळ जाणारा मार्ग होता. मुंबईत ही योजना १९५४ मध्ये पोहोचली. तोवर गिरण्यांच्या दारातून आत जाणाऱ्या बायकांची रांग फार आखूड झाली होती, आणि पुढे त्यांचा हिस्सा एक आकडी टक्क्यांवर आला.

ज्या गिरणीबाहेर पडल्या त्या रिकाम्या बसल्या नाहीत. चाळीच्या खोलीतच त्यांनी खानावळी घातल्या. कुटुंब गावी ठेवून आलेल्या दहा-वीस गिरणी कामगारांना दोन वेळचे जेवण. पैसे पगाराच्या दिवशी. डाळ-तांदूळ वाण्याकडून उधार. मूल समोर, चूल समोर, वेळ आपल्या हातात. कागदावर पाहिले तर याहून लवचिक काम नाही. प्रत्यक्षात पहिल्या पाळीचा डबा पहाटे द्यायचा आणि रात्रपाळीवाल्याचे ताट त्याच्या वेळेला वाढायचे. घड्याळ गिरणीचेच राहिले. फक्त आता तास कोणी मोजत नव्हते, आणि आठ आणेही कोणी देत नव्हते. जनगणनेच्या तक्त्यात यांच्यापैकी किती जणी ‘काम करणाऱ्या’ म्हणून आल्या असतील, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

२०१७ मध्ये प्रसूतिलाभ कायद्यात दुरुस्ती झाली. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा, पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर, आणि कामाचे स्वरूप तसे असेल तर रजेनंतर मालकाशी बोलून ठरवलेल्या अटींवर घरून काम करण्याची तरतूद. पाळणाघराची अट आता केवळ स्त्रियांच्या संख्येवर नव्हे, तर एकूण कर्मचाऱ्यांच्या संख्येवर आहे, हे चांगलेच झाले. नेमक्या पन्नासची युक्ती त्यामुळे तितकी सोपी राहत नाही. राज्य विम्याच्या कक्षेबाहेरच्या स्त्रियांच्या बाबतीत मात्र सव्वीस आठवड्यांचा पगार कोणी द्यायचा, याचे उत्तर १९२९ चेच आहे: ज्याने बाईला कामावर घेतले त्याने.

पुढचा धागा खानावळींवर. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले आणि या बायकांना बँकेचे कर्ज मिळू लागले. त्याआधी वाण्याच्या वहीत त्यांच्या नावापुढे काय लिहिले जात असे, तेथून सुरुवात करू.